सी-पेप्टाइडचा क्लेम: रक्त काढण्यापासून पैसे येईपर्यंत

पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं बनवणाऱ्यांपैकी मी एक. मधुमेहाच्या डॉक्टरांची काही खाती माझ्याकडे आहेत, त्यामुळे सी-पेप्टाइड या तपासणीशी नेहमीची गाठ. टीममध्ये नवीन आलेली मुलं तिला हलक्यात घेतात. एक ओळ, एक कोड, मेडिकेअरच्या (अमेरिकी सरकारच्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य विम्याच्या) दराने वीसेक डॉलर. पण याच वीस डॉलरच्या रिपोर्टवर हजारो डॉलरचा इन्सुलिन पंप अडकून बसतो आणि मग 'तुम्ही बिल नीट पाठवलं नाही' असं आपल्याला ऐकून घ्यावं लागतं.

या क्लेमचं, म्हणजे विम्याकडे पाठवलेल्या बिलाचं, पुढे काय होणार हे बहुतेक वेळा नर्सने दंडाला रबरी पट्टा बांधला तेव्हाच ठरलेलं असतं. आपण नंतर मॉडिफायरशी, म्हणजे कोडच्या मागे जोडायच्या दोन अक्षरांशी किंवा आकड्यांशी, कितीही झटापट केली तरी उपाशीपोटी न घेतलेलं रक्त उपाशीपोटी होत नाही. म्हणून मी कोडपासून सुरुवात न करता रक्तापासून करतो.

ही तपासणी मोजते काय

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी थेट इन्सुलिन तयार करत नाहीत. आधी प्रोइन्सुलिन नावाची एक लांब साखळी तयार होते. ती शिकागो विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ साली शोधली. पेशीच्या आतच ही साखळी तुटते. एका बाजूला इन्सुलिन आणि दुसऱ्या बाजूला त्याला जोडून ठेवणारा ३१ अमिनो आम्लांचा तुकडा, तोच सी-पेप्टाइड. एका इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड, हा हिशेब पक्का. शेंगा कुणी खाल्ल्या ते कुणी कबूल करो न करो, टरफलं मोजली की आकडा कळतोच, तसला हा प्रकार.

मग सरळ इन्सुलिनच का मोजत नाहीत? कारण स्वादुपिंडातून निघालेलं साधारण निम्मं इन्सुलिन पहिल्याच फेरीत यकृत काढून घेतं आणि उरलेलं काही मिनिटांत ओसरतं. सी-पेप्टाइडला यकृत फारसा हात लावत नाही. त्याचं अर्धआयुष्य अर्ध्या तासाच्या आसपास, आणि ते बाहेर पडतं मुख्यतः मूत्रपिंडावाटे. दुसरी अडचण मोठी आहे. रुग्ण बाहेरून इन्सुलिन टोचत असेल तर रक्तातलं इन्सुलिन त्याचं स्वतःचं की सुईतलं, हे नुसत्या इन्सुलिनच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. सुईतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये जेवढं दिसतं तेवढं रुग्णाच्या स्वतःच्या स्वादुपिंडाचं.

बिलिंगवाल्याला हे शरीरशास्त्र कशाला, असं वाटेल. अपील लिहायची वेळ आली की हेच दोन परिच्छेद कामाला येतात.

डॉक्टर ती का सांगतात

माझ्यासमोर येणाऱ्या ऑर्डरी मुख्यतः तीन कारणांच्या असतात.

पहिलं कारण म्हणजे मधुमेहाचा प्रकार ठरत नाही. चाळिशीचा सडपातळ माणूस, गोळ्यांना दाद नाही, इन्सुलिन सुरू झालंय, आणि डॉक्टरांना शंका की हा टाइप २ नसून उशिरा आलेला टाइप १ असावा. अमेरिकन आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी २०२१ मध्ये प्रौढांमधल्या टाइप १ बद्दल जे एकत्रित मत मांडलं, त्यात इन्सुलिनवर असलेल्या रुग्णासाठी ढोबळ रेषा दिल्या आहेत. लिटरमागे २०० पिकोमोलच्या खाली, म्हणजे साधारण ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिली, आलं तर टाइप १ कडे कल. ६०० पिकोमोलच्या वर, म्हणजे १.८ नॅनोग्रॅमच्या पुढे, आलं तर टाइप २ कडे. मधला पट्टा धूसर. या कामासाठी जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेलं रक्तही चालतं. हे लक्षात ठेवा, कारण पंपासाठी ते अजिबात चालत नाही.

दुसरं कारण साखर अचानक खाली जाणं. मधुमेह नसलेल्या माणसाची साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि त्याच क्षणी सी-पेप्टाइड ०.६ किंवा त्याहून जास्त निघालं, तर शरीर नको तेव्हा इन्सुलिन ओततंय. इन्सुलिनोमा (इन्सुलिन बनवणारी स्वादुपिंडातली गाठ) असू शकतो, किंवा सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची गोळी पोटात गेलेली असू शकते. इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड तळाला असेल, तर ते इन्सुलिन बाहेरून टोचलेलं आहे. मुद्दाम किंवा चुकून, ते शोधणं डॉक्टरांचं काम.

तिसरं कारण इन्सुलिन पंप, आणि खरी डोकेदुखी तिथेच. त्याच्याकडे नंतर येतो.

पायरी १: ऑर्डर डोळे उघडे ठेवून वाचा

सी-पेप्टाइडचा सीपीटी कोड, म्हणजे बिलावर तपासणीसाठी टाकायचा कोड, ८४६८१. पण सॉफ्टवेअरमध्ये 'पेप्टाइड' टाइप केलं की यादीत ८६२०० सुद्धा डोकावतो. तो सायक्लिक सिट्रुलिनेटेड पेप्टाइडच्या अँटिबॉडीचा, म्हणजे संधिवाताचा कोड. घाईत तो निवडला गेलेला मी पाहिला आहे. मधुमेहाचं निदान आणि संधिवाताची तपासणी असा क्लेम गेला तर पेयर, म्हणजे मेडिकेअर किंवा विमा कंपनी, तो परत पाठवणारच. हाताने लिहिलेल्या ऑर्डरीत तर आणखी मजा. 'सी-पेप' आणि 'सीआरपी' यांत फरक करताना भिंग लागतं, आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचा कोड ८६१४० वेगळाच. शंका आली तर अंदाज नको, क्लिनिकला विचारा.

शेजारचे कोडही ओळखून ठेवा. एकूण इन्सुलिन ८३५२५, मुक्त इन्सुलिन ८३५२७, प्रोइन्सुलिन ८४२०६, रक्तातली ग्लुकोज ८२९४७, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ८३०३६. जीएडी६५ सारख्या आयलेट (बीटा पेशींविरुद्धच्या) अँटिबॉडीसाठी सहसा ८६३४१, इन्सुलिन अँटिबॉडीसाठी ८६३३७. डॉक्टरांनी नुसतं 'इन्सुलिन लेव्हल' लिहिलं असेल तर ते ८३५२५ आहे. 'त्यांना सी-पेप्टाइडच म्हणायचं असेल' असं आपण परस्पर ठरवायचं नाही.

क्वचित इन्सुलिन देऊन सी-पेप्टाइड दबतं का ते बघणारी चाचणी येते. तिचा स्वतंत्र पॅनेल कोड आहे, ८०४३२. त्यात इन्सुलिन एकदा, सी-पेप्टाइड पाचदा आणि ग्लुकोज पाचदा धरलेलं आहे. पूर्ण पॅनेल झालं असेल तर सुट्या ओळी टाकायच्या नाहीत. त्यातलं काही राहिलं असेल तर पॅनेल कोड लावायचा नाही.

ऑर्डर कुणाची तेही बघा. मेडिकेअरला रुग्णावर प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या आणि निकाल उपचारात वापरणाऱ्या डॉक्टरांचीच ऑर्डर लागते. लॅबच्या मागणीपत्रावर सही नसली तर एकवेळ चालतं, पण मग ही तपासणी करायची आहे हा हेतू भेटीच्या नोटमध्ये हवा आणि त्या नोटवर सही हवी. ऑडिटमध्ये पैसे परत जातात ते बहुधा इथे.

पायरी २: बिल कुणी पाठवायचं

इथे कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये आपण काउंटरवर पैसे मोजतो, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो आणि विषय संपतो. तिकडे तसं नाही. मेडिकेअरमध्ये ज्या लॅबने तपासणी केली तिनेच बिल पाठवायचं. क्लिनिकने रक्त काढून बाहेरच्या लॅबला दिलं असेल तर क्लिनिकला फक्त रक्त काढल्याचा ३६४१५ मिळतो. ८४६८१ लॅबचा. नवीन खातं हाती आलं की मी आधी हेच विचारतो, 'मशीन तुमच्याकडे आहे का?' अनेकदा नसतं, आणि तरी ८४६८१ चे क्लेम जात असतात.

मशीन असेल तर पुढचा प्रश्न क्लिया प्रमाणपत्राचा, म्हणजे लॅबला तपासण्या करायच्या सरकारी परवानगीचा. सी-पेप्टाइड ही 'वेव्ह्ड' म्हणजे सवलतीतली साधी तपासणी नाही. ज्या क्लिनिककडे फक्त सवलतीचं प्रमाणपत्र आहे त्यांना ती करताही येत नाही आणि तिचं बिलही पाठवता येत नाही. एचबीएवनसीच्या ओळीला चिकटवतात तसा क्यूडब्ल्यू मॉडिफायर इथे लावून उपयोग नाही. क्लिया क्रमांक क्लेमच्या सीएमएस-१५०० फॉर्मच्या २३ नंबरच्या चौकटीत जातो.

एका लॅबने दुसरीकडे काम पाठवून स्वतः बिल करण्याची सोय काही अटींवर आहे. त्यासाठी मॉडिफायर ९०, आणि २३ मध्ये प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या लॅबचा क्लिया क्रमांक. खासगी कंपन्यांपैकी काही क्लिनिकला ९० लावून बिल करू देतात, काही देत नाहीत. करार बघितल्याशिवाय सवय लावून घेऊ नका.

हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात झालेली तपासणी २०१४ पासून मेडिकेअर बहुतेक वेळा त्या दिवशीच्या इतर सेवांच्या पैशातच धरते. तिथे सीओ-९७ (याचे पैसे दुसऱ्या सेवेत आले) हा नकाराचा कोड आला म्हणजे अन्याय झाला असं नाही. त्यावर अपील लिहीत बसू नका.

पायरी ३: निदानाचा कोड

लॅबने स्वतःच्या मनाने आयसीडी कोड लावायचा नाही. ऑर्डर देणाऱ्याने निदान कळवायचं असतं. आपण फक्त त्याच्या शब्दांना कोड द्यायचा.

बाह्यरुग्णाच्या बाबतीत 'शक्यता', 'संशय', 'वगळण्यासाठी' या शब्दांना कोड नाही. डॉक्टरांनी 'टाइप १ आहे का बघू' लिहिलं म्हणून ई१० लावला तर रुग्णाच्या नावावर नसलेला आजार कायमचा चिकटतो. जे पक्कं माहीत आहे तेवढंच कोड करायचं. प्रकार कुठेच लिहिला नसेल तर आयसीडीचा नियम टाइप २ धरायला सांगतो, म्हणजे ई११. साखर वाढलेली असं नोंदवलं असेल तर ई११.६५, आणि रुग्ण नेहमीच्या इन्सुलिनवर असेल तर जोडीला झेड७९.४. टाइप १ ला तो झेड कोड लागत नाही. इन्सुलिनशिवाय टाइप १ चा रुग्ण राहीलच कसा!

साखर खाली गेल्याचा मामला असेल तर रुग्णाला मधुमेह आहे की नाही हे आधी बघा. असेल तर ई१०.६४९ किंवा ई११.६४९. बेशुद्धी असेल तर शेवटचा आकडा बदलतो. मधुमेह नसेल तर ई१६ चं घराणं. १ ऑक्टोबर २०२४ पासून साखर किती खाली गेली त्याच्या पातळीसाठी ई१६.ए१ ते ई१६.ए३ असे जादा कोड आले आहेत. ते मुख्य कोडच्या सोबत जातात, एकटे नाहीत. त्याच तारखेपासून लक्षणं दिसण्याआधीच्या टाइप १ साठी ई१०.ए१ आणि ई१०.ए२ आहेत. इन्सुलिनोमा सिद्ध झाला असेल तर डी१३.७, कर्करोगाचा असेल तर सी२५.४. स्वादुपिंड काढल्यानंतरचा मधुमेह असेल तर आधी ई८९.१ आणि मग ई१३.

ई८८.८१९, म्हणजे इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, हा कोड एकटा लावून वजन कमी करणाऱ्या क्लिनिकांकडून सी-पेप्टाइड येतं. ते डिनाय झालं, म्हणजे त्याचे पैसे नाकारले गेले, की मला फारसं वाईट वाटत नाही. निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील, तर पेयरने पैसे का द्यावेत याचं उत्तर माझ्याकडेही नसतं.

पायरी ४: फॉर्म आणि मॉडिफायर

यात फार रमण्यासारखं नाही. १७ नंबरमध्ये ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांचं नाव, त्याआधी डीके (ऑर्डर देणारे हेच, याची खूण), आणि १७बी मध्ये एनपीआय (डॉक्टरांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक). २१ मध्ये निदानं, २४ई मध्ये त्या ओळीचा निदानाशी जोडणारा पॉइंटर. रक्त काढल्याच्या ओळीला एक निदान आणि तपासणीच्या ओळीला दुसरंच, असं होऊ देऊ नका. सेवेची तारीख म्हणजे रक्त काढल्याची तारीख. रिपोर्ट आल्याची नाही.

एकाच दिवशी सी-पेप्टाइड मुद्दाम पुन्हा केलं असेल, उदाहरणार्थ ठरलेलं जेवण देऊन आधी आणि नंतर, तर दुसऱ्या ओळीला मॉडिफायर ९१. नळी फुटली, रक्त गोठलं, मशीन बिघडलं म्हणून पुन्हा केलं असेल तर ९१ नाही आणि दुसरं बिलही नाही.

मेडिकेअर ही तपासणी गरजेची मानणार नाही असं आधीच दिसत असेल तर रक्त काढण्यापूर्वी रुग्णाकडून एबीएन, म्हणजे मेडिकेअरने नाकारलं तर पैसे आपल्याला भरावे लागतील हे मान्य असल्याचा फॉर्म, भरून घ्यायचा. कारण आणि अंदाजे रक्कम दोन्ही लिहून. मग ओळीला जीए मॉडिफायर. फॉर्म नंतर भरून मागची तारीख टाकणं हा गुन्हा आहे, 'ॲडजस्टमेंट' नाही. मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या (खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर घेतलेल्या) रुग्णाला एबीएन चालत नाही, तिथे प्लॅनकडून आधीच निर्णय मागवायचा. निव्वळ 'सहज बघू' म्हणून केलेलं सी-पेप्टाइड स्क्रीनिंगच्या यादीत बसत नाही. त्या यादीत ग्लुकोजच्या तपासण्या आणि २०२४ पासून एचबीएवनसी आहे.

मान्य झालेल्या लॅब तपासणीवर मेडिकेअर पार्ट बी च्या (बाह्यरुग्ण सेवांच्या भागाच्या) रुग्णाला आधी स्वतः भरायची रक्कम नाही आणि वीस टक्क्यांचा वाटाही नाही. एखाद्या आजीबाईंना चुकून स्टेटमेंट गेलं तर त्या फोनवर आपल्याला जे ऐकवतात ते योग्यच असतं.

पायरी ५: पंप

आता मुख्य गोष्ट. मेडिकेअरचा इन्फ्यूजन पंपांबद्दलचा राष्ट्रीय नियम २८०.१४ क्रमांकाचा. त्यातले सी-पेप्टाइडचे सध्याचे निकष डिसेंबर २००४ च्या निर्णयातले. काम करताना त्या दिवशीचा मजकूर सीएमएसच्या (मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर उघडून बघायची सवय ठेवा. नियम थोडक्यात असा.

उपाशीपोटी सी-पेप्टाइड, त्या लॅबच्या सामान्य पातळीच्या खालच्या मर्यादेच्या ११० टक्के किंवा त्याहून कमी हवं. मूत्रपिंड कमकुवत असेल, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ५० मिली किंवा कमी, तर २०० टक्के किंवा कमी. त्याच वेळी काढलेली उपाशीपोटीची ग्लुकोज २२५ मिलिग्रॅम किंवा कमी हवी, नाहीतर सी-पेप्टाइडचा आकडा धरतच नाहीत. किंवा या सगळ्याऐवजी बीटा पेशींविरुद्धची अँटिबॉडी पॉझिटिव्ह हवी.

'त्या लॅबच्या' हे दोन शब्द लोक वाचत नाहीत. एका रुग्णाचा आकडा १.० नॅनोग्रॅम आहे असं धरू. त्याच्या लॅबची खालची मर्यादा १.१ असेल तर ११० टक्के म्हणजे १.२१. १.० त्याच्या आत, रुग्ण पास. तोच १.० अशा लॅबमधून आला जिची खालची मर्यादा ०.८ आहे, तर ११० टक्के म्हणजे ०.८८, आणि रुग्ण नापास. मूत्रपिंडवाल्यासाठी पहिल्या लॅबची रेषा २.२, दुसरीची १.६. म्हणून क्लिनिककडून नुसता आकडा घेऊ नका. संदर्भ मर्यादा छापलेलं पूर्ण पान मागवा, आणि गुणाकार कागदावर करून फाइलला लावा. मी तो पिवळ्या चिकटपट्टीवर करायचो. आता स्क्रीनवर नोटमध्ये टाकतो, पण करतो हातानेच.

मूत्रपिंडवाल्यांना ही सूट का? सी-पेप्टाइड मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं हे वर आलंच. मूत्रपिंड थकलं की ते रक्तात साचतं आणि आकडा फुगतो. आणि २२५ ची अट अशासाठी, की साखर फार चढलेली असताना बीटा पेशी दमतात आणि सी-पेप्टाइड खोटं कमी दिसू शकतं. उलट साखर फार उतरलेली असतानाही बीटा पेशी आपणहून गप्प बसतात. म्हणून मी क्लिनिकला सांगतो की ग्लुकोज त्याच टोचणीत, लॅबलाच पाठवा. बोटाला टोचून क्लिनिकमध्ये बघितलेली साखर आणि वेगळ्या वेळी काढलेलं सी-पेप्टाइड यांची मोट बांधू नका.

एका क्लिनिकचा असा क्लेम माझ्या वाट्याला आला होता. सी-पेप्टाइड सोमवारी, ग्लुकोज बुधवारी. दोन्ही उपाशीपोटी, दोन्ही आकडे उत्तम. पण 'त्याच वेळी' नाहीत. रुग्णाला पुन्हा बोलवावं लागलं आणि पंप सहा आठवडे लांबला. त्यानंतर त्यांच्या सिस्टिममध्ये ८४६८१ निवडला की ८२९४७ आपोआप जोडीला येईल असं आम्ही करून घेतलं.

बायोटिनचंही विचारून घ्यायला सांगा. केस आणि नखांसाठी घेतात त्या गोळ्यांमधलं बायोटिन काही यंत्रांवरचे निकाल बिघडवतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराही दिला होता. सी-पेप्टाइडची अनेक किट ज्या पद्धतीची आहेत तिच्यात ते निकाल खोटा खाली ओढतं.

सी-पेप्टाइड पास झालं म्हणजे पंप मिळाला असं नाही. मधुमेहाचं रीतसर प्रशिक्षण, किमान सहा महिने रोज तीन किंवा जास्त इंजेक्शनं आणि डोस स्वतः कमीजास्त करणं, आधीचे दोन महिने दिवसातून सरासरी चारदा साखर तपासल्याची नोंद, आणि त्यावर एचबीएवनसी ७ च्या वर, वारंवार साखर खाली जाणं किंवा पहाटे २०० च्या वर चढणं यांसारखं निदान एक कारण, एवढं लागतं. मेडिकेअरमध्ये येण्याआधीपासूनच पंपावर असलेल्यांसाठी ही यादी छोटी आहे, पण सी-पेप्टाइड किंवा अँटिबॉडीचा पुरावा त्यांनाही चुकत नाही. पंप ई०७८४ या कोडने, सगळे निकष पुरे असतील तर केएक्स मॉडिफायर लावून, उपकरणांच्या वेगळ्या कॉन्ट्रॅक्टरकडे जातो. लॅबचा क्लेम जातो तिथे नाही. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या फाइली बघत नाहीत, हे गृहीत धरूनच कागद जमवा.

पायरी ६: डिनाय झाला तर

आधी नकारासोबत आलेले कोड नीट वाचा, मग चिडा. सीओ-१६ (माहिती अपुरी किंवा चुकीची) सोबत एमए१२० असेल तर क्लिया क्रमांक चुकला किंवा राहिला. एन२६४ किंवा एन२६५ असेल तर ऑर्डर देणाऱ्याचं नाव किंवा क्रमांक. याच्याबरोबर एमए१३० दिसला तर अपिलाचा हक्कच नाही, दुरुस्त करून नवीन क्लेम पाठवायचा. बी७ आला तर त्या तारखेला लॅबचं प्रमाणपत्र या तपासणीला लागू होतं का बघा. सीओ-१८ म्हणजे डुप्लिकेट, बहुधा ९१ राहिलेला. सीओ-११ म्हणजे निदान आणि तपासणी जुळत नाही.

सीओ-५०, म्हणजे गरज पटली नाही, एवढ्यावरच खरं अपील लिहायचं. मेडिकेअरमध्ये पहिल्या पातळीला १२० दिवस आणि दुसरीला १८० दिवस. पत्रात 'रुग्णाला मधुमेह आहे' एवढं लिहून भागत नाही, तो तर सगळ्यांनाच आहे. प्रश्न काय होता, आकडा काय आला आणि त्यामुळे उपचार काय बदलला, या तीन गोष्टी डॉक्टरांच्या नोटमधून जशाच्या तशा उचला. 'सी-पेप्टाइड ०.३ आलं, म्हणून गोळ्या बंद करून दिवसाला चार इंजेक्शनं सुरू केली' हे एक वाक्य दोन पानी पत्रापेक्षा भारी पडतं. ते वाक्य नोटमध्ये नसेल तर आपण रचायचं नाही.

मूळ क्लेमची मेडिकेअरची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्ष. खासगी कंपन्यांची काही ठिकाणी तीनच महिने असते.

नवीन तपासणी मागण्याआधी जुना कागद

पंपाच्या नियमात एक ओळ आहे जी रुग्णाची सुई वाचवते. सी-पेप्टाइडची पातळी वैद्यकीय नोंदीत एकदाच असली तरी पुरते. दरवर्षी नको, पंप बदलताना नको. तरी क्लिनिकं सरसकट पुन्हा रक्त काढायला पाठवतात, कारण जुना रिपोर्ट शोधायचा कंटाळा.

कॅलिफोर्नियातल्या एका बाईंचं असंच झालं. लहानपणापासून टाइप १, वीस वर्षं पंपावर, आणि पासष्ट वर्षांच्या होऊन मेडिकेअरमध्ये आल्या तेव्हा नवीन पंपासाठी पुरावा मागितला गेला. आधीच्या डॉक्टरांकडून फॅक्स आला. सी-पेप्टाइड ०.१ पेक्षा कमी, मर्यादा छापलेली, सगळं छान. ग्लुकोज कुठेच नाही. क्लिनिक नवीन ऑर्डर टाकायच्या बेतात होतं. फॅक्सच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पान २ पैकी १' लिहिलेलं होतं. मी त्या जुन्या ऑफिसला फोन लावला आणि फक्त दुसरं पान मागितलं. तिथल्या बाईंनी फाइल तळघरातून वर आणली. त्याच दिवशी, त्याच वेळी काढलेली उपाशीपोटीची ग्लुकोज १४२. पान स्कॅन होऊन आलं तेव्हा तिकडे दुपारचे सव्वाचार वाजले होते, इकडे पहाटेचे पावणेपाच, आणि खाली गेटवरचा चहावाला स्टो पेटवत होता.